राजाची अडीच घरं

मंगळवार, ६ मार्च १९३४

हरलो. पुन्हा.

ही वही गोदावरीने माहेरी जाताना हातात दिली. "तुम्ही तोंडाने काही बोलत नाही, निदान इथे तरी बोला," म्हणाली. तिला वाटलं असेल, नवरा मनातलं काही लिहील. पहिल्याच पानावर सासऱ्याने कसं लोळवलं ते लिहावं लागतंय, त्याला माझा इलाज नाही.

सासरे म्हणजे आप्पा. वळसंगच्या शाळेत हेडमास्तर होते, आता पेन्शन खातात. दर मंगळवारी सर्व्हिस मोटारीने सोलापूरला येतात. कोर्टात जमिनीचं काम असतं म्हणे. गिरणीचा भोंगा होऊन मी कचेरीतून घरी पोचतो तेव्हा हे आमच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडून तयार. "या जावईबापू, दमला असाल. बसा की," असं गोड बोलतात आणि दमलेल्या माणसाला परतीच्या मोटारीची वेळ व्हायच्या आत लोळवून मोकळे होतात.

पांढरी नेहमी त्यांची. वडीलधाऱ्याला काळी कशी द्यायची? म्हणून लग्न झाल्यापासून मी काळी घेऊन बसतो, म्हणजे पहिली चाल त्यांची आणि शेवटचीही त्यांचीच. खेळ विलायती. लहानपणी ते गावात देशी खेळायचे, पुढे पुण्याला मास्तरकी शिकायला गेले तिथे विलायती शिकले आणि आता देशीला नाक मुरडतात.

डाव ठरलेला. राजापुढचं प्यादं दोन घरं. मीही तेच करतो. की लगेच शेजारचं, उंटापुढचं प्यादं आणून माझ्या तोंडाशी ठेवायचं. घ्या, फुकट आहे. आज घेतलं. मग त्यांचे उंट-घोडे मोकळे सुटले आणि माझा राजा घरातल्या घरात फिरफिर फिरून मेला.

खेळताना आईने नेहमीसारखं पाण्याचं तांब्याभांडं त्यांच्यापाशी ठेवलं आणि त्यांनी नेहमीसारखा नमस्कार करून ते बाजूला सारलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा बापाने प्यायचं नाही, ही जुनी रीत. आमच्याकडे तर मुलगाच व्हावा लागतो, असं आई म्हणते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. एक चौथ्या महिन्यात गेलं, एक आठव्यात. आता गोदावरी तिसऱ्यांदा माहेरी गेली आहे, वैशाखात दिवस भरतील. तोवर आप्पा सोलापूरच्या उन्हातून येणार, कोरड्या घशाने मला हरवणार आणि कोरड्याच घशाने जाणार.

मंगळवार, १३ मार्च

आज फुकटचं प्यादं घेतलंच नाही. शहाण्यासारखा घरात बसून राहिलो. घरात बसलेल्या माणसाला त्यांनी घरात गाठून मारलं. घेतलं तरी मरण, नाही घेतलं तरी मरण.

गोदावरी कशी आहे, असं विचारायचं मनात होतं. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. बायकोची चौकशी आईसमोर सासऱ्याकडे करायची म्हणजे काय दिसेल. मी विचारलं, "तिकडे सगळं ठीक?" आप्पा म्हणाले, "सगळं ठीक." झालं बोलणं.

शनिवार, १७ मार्च

वाचनालयात बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक सापडलं. आधीची पानं वाळवीने खाल्लेली, पण आप्पांचा डाव शाबूत होता. त्यात काळ्यांसाठी एक भलताच उपाय दिला आहे. पुढे केलेलं प्यादं घ्यायचं नाही आणि घरातही बसायचं नाही. उलट आपणच वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं. तू मला देतोस काय, घे, मीच तुला देतो. समोरच्याने ते मारलं की आपलं राजापुढचं प्यादं आणखी एक घर पुढे रेटायचं. मग ते त्याच्या अंगणात जाऊन बसतं आणि त्याच्या घोड्याला बाहेर यायची वाट राहत नाही. या चालीला कुणा परक्या मुलखातल्या माणसाचं नाव आहे, ते काही मला उच्चारता येईना.

ते पान तीनदा वाचलं. दुसऱ्याच चालीला, काळी घेऊन, एक प्यादं कमी करून घ्यायचं. ज्याने हे काढलं त्याला सासरा नसावा.

मंगळवार, २० मार्च

ठरवून बसलो होतो. त्यांनी उंटापुढचं प्यादं टाकलं, मी वजिरापुढच्या प्याद्यावर हात नेला आणि तिथून हात डोक्याकडे नेऊन टोपी सारखी केली. नेहमीसारखा खेळलो. नेहमीसारखा हरलो.

गुरुवार, २२ मार्च

आज जेवताना आईने विषय काढला. करकंबला तिच्या मावसबहिणीच्या ओळखीत एक मुलगी आहे. घर चांगलं, मुलगी धट्टीकट्टी, भावंडं पुष्कळ. म्हणजे त्या घरात मुलं होतात, असा त्यातला अर्थ. "मी काही आत्ताच कर म्हणत नाही. या खेपेलाही देवाने दिलं नाही तर काय, एवढंच बघून ठेवायचं. गोदीला कुणी हाकलून देत नाही, तीही राहील की," आई म्हणाली.

मी "हं" म्हणालो.

"हं" म्हणजे हो नव्हे. आई बोलत होती, मी भात कालवत होतो, काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. ती तर लगेच उद्याच करकंबला जाऊन येते म्हणाली. माणसाच्या एका "हं" चं एवढं होतं हे मला माहीत नव्हतं.

मंगळवार, २७ मार्च

टाकलं एकदाचं! त्यांनी प्यादं पुढे केलं आणि मी डोळे मिटल्यासारखं करून वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. आप्पांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी खेळताना माझ्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही, पटाकडेच बघतात.

त्यांनी ते प्यादं मारलं. आता पुस्तकाप्रमाणे राजापुढचं प्यादं पुढे रेटायचं होतं. पण माझं एक प्यादं खरोखरच पटाबाहेर जाऊन पडलेलं पाहिलं आणि माझा जीव गेला. घाईघाईने वजीर काढून मी त्याचा बदला घेतला. लगेच त्यांचा घोडा माझ्या वजिराच्या अंगावर आला, आणि पुढे वजीर रस्त्यावरच्या शेळीसारखा इकडून तिकडे पळत राहिला.

हरलो, पण आप्पा खूश दिसले. म्हणाले, "चाल चांगली आहे हो. पण एकदा दिलं ते परत मागायला जायचं नसतं, जावईबापू. दिलं की दिलं, आणि पुढे बघायचं." थोडं थांबून म्हणाले, "विहीणबाई करकंबला जाऊन आल्या म्हणे?"

मी "हं" म्हणालो.

डाव रंगात आला की असले प्रश्न विचारून लक्ष उडवायचं, ही त्यांची जुनी सवय असणार. मास्तर ना शेवटी.

शुक्रवार, ६ एप्रिल

आज एक गंमत कळली. शेजारचे चनमल्लप्पा वकिलाकडे कारकून आहेत. मी सहज म्हणालो, आमच्या सासऱ्यांचं जमिनीचं काम फारच लांबलं, दर मंगळवारी कोर्टात खेटे घालतात बिचारे. चनमल्लप्पा म्हणाले, "कसलं काम कमलाकरराव? ते तर आमच्याच साहेबांनी चालवलं होतं. गेल्या दिवाळीच्या आधीच मिटलं की."

म्हणजे म्हातारा एवढ्या उन्हात, मोटारीच्या धुळीत, केवळ मला हरवायला येतो. मी चनमल्लप्पांना तसं म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तुमाला खरंच असं वाटतंय होय?" आणि कामावर निघून गेले. लोकांना बुद्धिबळाचं वेड कळत नाही.

मंगळवार, १० एप्रिल

आज प्यादं दिलं आणि परत मागायला गेलो नाही. दुसरं पुढे रेटलं आणि खरोखर त्यांचा घोडा अडकून पडला. सबंध डाव ते विचार करत होते आणि मी पाय हलवत होतो. शेवटी माझ्याच हातून चूक झाली, पण मोटारीची वेळ झाली तेव्हा दोघांकडे जवळजवळ सारखंच होतं. "आज तुम्ही मला दमवलंत," आप्पा म्हणाले. मला रात्री जेवणात चव लागली.

ऊन भयंकर. आप्पांचे ओठ फुटलेत. बोलताना मधेच खोकला येऊन थांबले, तेव्हा आईने आतून येऊन तांब्याभांडं थोडं पुढे सरकवलं. त्यांनी नमस्कार केला. आई म्हणाली, "बाहेर विहिरीवर तरी पिऊन घ्या हो, जीव जाईल एखाद्या दिवशी." ते हसले आणि उठले. कोपऱ्यावरच्या पाणपोईवर जाऊन प्यायले आणि तिथूनच मोटारीकडे गेले. इतका कसला हट्ट, मला कळत नाही. मी असतो तर गुपचूप प्यालो असतो.

मंगळवार, १७ एप्रिल

आप्पा आले, पण खेळण्यात पूर्वीची मजा नव्हती. बरोबरी झाली. जाताना म्हणाले, "आता थोडेच दिवस." कशाचे ते म्हणाले नाहीत. आई उंबऱ्यातच होती.

मंगळवार, २४ एप्रिल

जिंकलो. आप्पांना मी हरवलं. आज तारीख लाल शाईने लिहायला हवी होती, पण लाल शाई कचेरीत राहिली.

आता सविस्तर लिहितो. मी प्यादं दिलं, दुसरं पुढे रेटलं, त्यांचा घोडा बराच वेळ घरातच. सगळं पुस्तकाबरहुकूम. त्यांना राजा आणि हत्तीचा किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात लपवता आला असता, तर माझं काही चाललं नसतं. आप्पांनी राजा उचलला. मला वाटलं आता किल्लेकोट करतात. आणि त्यांनी तो राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवून पुढे नेऊन ठेवला!

देशी खेळात राजाला तशी एक उडी मिळते, डावात एकदाच. विलायतीत नाही. आणि हे तर आप्पा, देशी खेळणाऱ्याला अडाणी म्हणणारे. मी म्हणालो, "आप्पा, हे काय, देशी उडी?" ते पटाकडे बघत राहिले. जणू राजा तिथे कुणी ठेवला हेच त्यांना कळत नव्हतं. मग म्हणाले, "हो. नाही चालत. चुकलं." हात लावलेलं मोहरं हलवलंच पाहिजे, हा त्यांचाच कडक नियम. राजा परत आणून एक घर सरकवला, त्यामुळे किल्लेकोट गेला. नंतर मी सात-आठ चालींत मात केली. आवाज चढवून "शह" म्हणालो, आईसुद्धा डोकावून गेली.

त्यांचे हात फार कापत होते. सोंगट्या पेटीत भरताना त्यांच्या हातून हत्ती दोनदा पडला. हरल्याचं एवढं मनाला लावून घेतील असं वाटलं नव्हतं. उठताना काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आई बाहेर आली, तसे म्हणाले, "सगळं ठीक आहे." मी काही विचारलं नव्हतं. छत्री ओट्यावरच विसरून गेले.

पण जिंकलो. गोदावरीला हे कळायला हवं.

गुरुवार, २६ एप्रिल

त्यांची छत्री कोपऱ्यात उभी आहे. दोन दिवस तिच्याकडे बघतोय. आप्पा छत्री विसरत नाहीत. बिनछत्रीचे वैशाखाच्या तोंडाशी चालत गेले आणि मागे वळले नाहीत.

आज कचेरीत आकडे लिहिताना एकदम ती उडी डोळ्यांपुढे आली. लहानपणी शिकलेलं असतं ते माणसाच्या हातातून कधी बाहेर पडतं? आईच्या मांडीवर शिकलेली बोली माणूस झोपेत बोलतो, नाहीतर तापात. नाहीतर घाबरला म्हणजे.

चनमल्लप्पांना सगळं सांगितलं, कापणारे हात, उडी, छत्री. त्यांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "कमलाकरराव, तुमी हितं काय करताय अजून? वळसंगला जावा की."

मी किती मूर्ख माणूस आहे. मी "शह" म्हणून ओरडलो होतो.

शनिवार, २८ एप्रिल

अर्धी रजा काढून मोटारीने वळसंगला गेलो. आईला म्हणालो, छत्री द्यायला जातो.

छत्री दारात ठेवली आणि आत गेलो तर गोदावरी खाटेवर पडलेली. खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवलेले. सोमवारी संध्याकाळी अंगावरून रक्त गेलं. काशम्मा म्हणून तिथली सुईण आहे, तिने पाय वर करून निजवलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. मंगळवारी आप्पा हेच सांगायला सोलापूरला आले होते. आणि राजा अडीच घरं उडवून, शेवटी आई बाहेर आलेली पाहून न सांगताच परत गेले.

"मीच सांगितलं होतं, सासूबाईंसमोर बोलू नका," गोदावरी म्हणाली. "आधीच्या खेपेला काय झालं ते आठवतंय ना. बातमी कळली त्याच दिवशी तुमच्या घरात दुसरीचं बोलणं निघालं." मग हळूच म्हणाली, "आप्पांनी देशी उडी मारली म्हणे. आल्या आल्या सांगत होते, जावईबापूंनी मला धरलं म्हणून." आम्ही दोघं हसलो. तिला हसूही बेताने हसावं लागत होतं.

मग तिने विचारलं, "करकंबचं खरं?"

मी म्हणालो, "आई बोलली. मी फक्त हं म्हणालो."

तिने तोंड भिंतीकडे केलं. मला तिथे उभं राहण्याची लाज वाटली. माझ्यावर कधीच कुणी इतक्या शांतपणे रागावलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "मी घरी जाऊन नाही म्हणतो." तिने मान वळवली नाही. म्हणाली, "आधी म्हणा. मग मला सांगा."

आप्पा मला मोटारीपर्यंत पोचवायला आले. वाटेत मी विचारलं, "कोर्टाचं काम तर केव्हाच मिटलं होतं. मग दर मंगळवारी?" ते म्हणाले, "लेक त्या घरची आहे. त्या घरात काय चाललंय ते बघायला नको का? बसून बघायला काहीतरी निमित्त लागतं. तुम्ही बोलत नाही, म्हणून खेळायचो." मग जरा ओशाळून म्हणाले, "आणि पहिल्यापहिल्यांदा तुम्ही फार सहज हरायचात हो. तेही बरं वाटायचं."

निघताना काशम्मा अंगणात होती. माझं तोंड बघून म्हणाली, "हेदरब्याड्री," म्हणजे भिऊ नका. पुढे मराठीत म्हणाली, "पोरगी लई घट हाय. आजून मनानं घट हाय." मोटारीत मी सगळी वाट तेच ऐकत आलो.

रविवार, २९ एप्रिल

केलं.

सकाळी आई देवपूजा आटोपून बसली होती. मी समोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. विटा, काशम्मा, सगळं. आईचा चेहरा उतरला, हात जोडले. मग तिनेच म्हटलं, "आता या खेपेलाही तसंच झालं तर करकंबवाल्यांना काय..."

मी म्हणालो, "त्यांना नाही म्हणून कळव. मूल होवो, न होवो. मी दुसरं लग्न करणार नाही."

"मूल नाही झालं तर?"

"तर नाही झालं."

"आणि म्हातारपणी?"

"आम्ही दोघं असू. तू असशील तोवर तिघं."

माझा आवाज फार मोठा आला असावा, कारण रस्त्यावरची एक बाई थबकली. आई उठून आत गेली. मला वाटलं आता मागे जावं, म्हणावं, तसं नव्हे गं आई, बघू पुढे. पाय उठलेसुद्धा. मग आप्पांचं आठवलं आणि परत बसलो. दिलं ते दिलं.

जेवायला तिने मला एकट्याला वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. आमटी मात्र नेहमीपेक्षा चांगली होती, की मलाच तशी लागली. पोट मोकळं झाल्यासारखं वाटत होतं. इतक्या वर्षांचं अपचन होतं ते.

मंगळवार, १ मे

आप्पा आले नाहीत.

मी भोंगा होताच धावत घरी आलो. पट मीच मांडला. पांढरी त्यांच्या बाजूला, काळी माझ्या. मोटार येऊन गेली, दुसरी आली आणि गेली. आई माझ्याशी अजून बोलत नाही. पण तिने तांब्याभांडं आणून त्यांच्या जागेपाशी ठेवलं, नेहमीसारखं, झाकण घालून. मग आत जाऊन देवापाशी बसली. मी तिला आत कुणाचं तरी नाव घेताना ऐकलं. गोदीचं होतं.

शुक्रवार, ४ मे

काही कळत नाही. उद्या रजा मागितली तर साहेब म्हणाले सोमवारी बघू. हिशेबात चूक केली, ओरडा खाल्ला. लिहवत नाही.

रविवार, ६ मे

दुपारचं ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी ओट्यावर बसलो होतो, मोटारीच्या अड्ड्याकडे तोंड करून. कोपऱ्यावरून आप्पा वळताना दिसले. छत्री बरोबर होती, पण मिटलेली, काखेत धरलेली. एवढ्या उन्हात छत्री न उघडता चालत येणारा माणूस पाहून मी उठून उभा राहिलो. आज मंगळवार नव्हता.

पाणपोई त्यांनी मागे टाकली. तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

ओट्यावर येऊन बसले. धुळीने पांढरे झालेले, ओठांवर साल आलेली. मी विचारू शकत नव्हतो. आई आतून उंबऱ्यात येऊन उभी राहिली, तीही विचारेना. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. घसा खाकरला आणि म्हणाले,

"विहीणबाई, जरा पाणी मिळेल का प्यायला?"

मला क्षणभर काही उमगलं नाही. मी खुळ्यासारखा म्हणालो, "कुणाला?" मग कळलं, आणि मी ओट्यावरच खाली बसलो.

"काल तिन्हीसांजेला," आप्पा म्हणाले. "दिवस थोडे आधीच, पण काशम्माने सांभाळलं. दोघी सुखरूप आहेत. मुलगी आहे. रडते तर वळसंगच्या वेशीवर ऐकू जातं."

आईचा हात तांब्याकडे गेला होता, तो तिथेच थांबला. "मुलगी?" ती म्हणाली. "मग पाणी कसं प्याल तुम्ही? मुलगा झाल्याशिवाय... आणि सोयरही लागलं आता आम्हाला. सोयराच्या घरचं पाणी..."

"सोयर तुम्हाला लागलं, तसं मलाही लागलं. बाळंतपण माझ्याच घरात झालंय. दोघं सारखेच, कोण कुणाला विटाळवणार?" आप्पा म्हणाले. "आणि मुलगा की मुलगी, ते माझ्या घशाला काय कळतंय विहीणबाई. त्याला एवढंच कळतंय की गोदू जिवंत आहे."

 मी उठलो. आई काय म्हणेल ते म्हणो, माठातून थंडगार पाणी घेतलं आणि भांडं त्यांच्या हातात द्यायला वळलो.

"थांब," आई म्हणाली. "नुसतं पाणी देतात का कुणाला पहिल्यांदा." ती आत गेली, डबे वाजले, आणि गुळाचा एवढा मोठा खडा वाटीत घेऊन आली. वाटी तिने स्वतः त्यांच्यापुढे ठेवली. तिचे डोळे भरले होते. "आमच्या घराण्यात पहिलीच हो मुलगी," म्हणाली, जशी काही आप्पांकडे तक्रार करत होती.

आप्पांनी गूळ तोंडात टाकला आणि प्यायले. भांडं संपवलं, दुसरं मागितलं, तेही संपवलं. पाणी पिताना माणूस इतका सुखी झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी रडत होतो आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

मग म्हणाले, "परतीच्या मोटारीला वेळ आहे. तुम्हीही चला माझ्याबरोबर. तोवर मांडा पट. आज काळी मला द्या."

मी पांढरी घेऊन बसलो, जन्मात पहिल्यांदा. राजापुढचं प्यादं दोन घरं. त्यांनीही तेच केलं. मग मी त्यांच्याच पद्धतीने उंटापुढचं प्यादं पुढे ठेवलं आणि म्हणालो, "घ्या आप्पा, फुकट आहे." ते मिशीत हसले. वजिरापुढच्या प्याद्यावर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच राहिलं. बघतो तर भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेले. गेले काही दिवस झोपलेच नसतील.

हात लावलेलं मोहरं हलवायलाच हवं, म्हणून मी त्यांना हाक मारणार होतो.

"उठवू नकोस त्यांना," आई आतून म्हणाली. पोळपाट मांडल्याचा आवाज येत होता. "पान वाढलं की मग हाक मार. आणि त्यांना तिखट कमी लागतं का, ते तुला माहीत आहे का रे?"

मला माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.